अनुक्रमांक ९ : एक जुने एसटी तिकीट

पोलीस खात्यातली माझी शेवटची साडेसहा वर्षं मुद्देमाल कारकून म्हणून गेली. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो तेव्हा चार्ज देताना नवीन माणसाला एकच फाइल उघडून दाखवली. खुनाची नव्हती, दरोड्याचीही नव्हती. एका काळ्या रेक्झिनच्या पिशवीची होती. तीच इथे मांडतो. गाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

नोव्हेंबर २०१८. तालुक्याचं ठिकाण, जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हद्दीतलं, म्हणजे आयुक्तालय नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास एक रिक्षावाला पिशवी घेऊन ठाण्यात आला. स्टँडवरून शेअरिंगला चार माणसं बसवली होती, सगळी वेगवेगळ्या ठिकाणी उतरली, घरी जाऊन रिक्षा पुसताना मागच्या बाजूला पिशवी दिसली, असं त्याचं म्हणणं. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली, समोरच्या टपरीवरचे दोघे पंच म्हणून बोलावले आणि पंचनामा केला. दहा ओळींची यादी झाली: रेक्झिनची पिशवी, दोन साड्या, पिवळ्या धातूचे मंगळसूत्र, अंदाजे दीड तोळा, पांढऱ्या धातूचे लहान मुलाचे वाळे, एक जोड, रोख ८,४७० रुपये, स्टीलचा डबा, आत खाद्यपदार्थ, चष्मा, घरासह, औषधाची अर्धी पट्टी, एक जुने एसटी तिकीट, एक रुमाल.

रिक्षावाल्याला पोच दिली. जाताना त्यानं विचारलंच, "साहेब, याच्यात मला काही मिळतं का? दहा टक्के असतात म्हणे." हा दहा टक्क्यांचा समज मी सगळीकडे ऐकलाय. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात सापडवणाऱ्याला वाटा देणारी तरतूद नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये त्याच्यासाठी थोडी जागा आहे. वस्तू सांभाळायला आणि मालक शोधायला लागलेल्या खर्चासाठी त्याला मालकावर दावा लावता येत नाही, पण भरपाई मिळेपर्यंत वस्तू अडवून धरता येते, आणि मालकानं बक्षीस जाहीर केलं असेल तर तेवढ्यापुरता दावाही करता येतो. पोलिसांत जमा केली की अडवून धरण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट बाजू जास्त कडक आहे. मालक कोण हे ठाऊक असताना, किंवा शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता वस्तू आपलीशी केली तर तो गुन्हा. तेव्हा भारतीय दंड संहितेचं कलम ४०३ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं ३१४. रिक्षावाल्यानं यातलं काही न वाचता बरोबर तेच केलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी ताब्यात घेतली. पहिला प्रश्न असा की ही कुठल्या कलमाखाली घ्यायची? बाहेरच्या माणसाला ही कारकुनी वाटते, पण पुढची सगळी वाट इथंच फुटते. माल चोरीचा असल्याचा संशय असेल तर तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली जप्त होतो, अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि पुढे कलम ४५७ ते ४५९ लागतात. १ जुलै २०२४ पासून हीच कलमं नागरिक सुरक्षा संहितेत १०६ आणि ५०३ ते ५०५ झाली आहेत. संशय नसेल, नुसतीच बेवारस असेल, तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम ८२. मूळचा मुंबई पोलीस कायदा तो हाच. त्यात पोलीस मालमत्ता 'तात्पुरती' ताब्यात घेतात. आयुक्तालयात ती आयुक्तांकडे जाते, बाकी जिल्ह्यात दंडाधिकाऱ्यांकडे. आमच्याकडे असे कागद तालुका दंडाधिकारी म्हणून तहसीलदारांसमोर जायचे.

इन्स्पेक्टर साहेबांना सुरुवातीला १०२ बरं वाटत होतं. सोनं आहे म्हणजे चोरीचं असू शकतं, असा त्यांचा विचार. माझं मत वेगळं पडलं. चोर सोन्याबरोबर डबा, चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन रिक्षात बसत नाही. साहेबांनी ऐकलं. कलम ८२.

'बेवारस' हा शब्द मला कधीच पटला नाही. प्रेतासारखा वाजतो. पिशवीला मालक होता आणि तो त्या क्षणी कुठंतरी कपाळाला हात लावून बसलेला असणार, एवढं चष्म्यावरूनही कळत होतं. पण रजिस्टरवर छापलेलं असतं 'बेवारस', आणि छापलेल्या शब्दाचा माणसाच्या हातावर परिणाम होतो. बेवारस म्हटलं की कुणी घाई करत नाही.

डब्यातलं खाणं दुपारपर्यंत आंबलं. नाशवंत मालाचा लगेच लिलाव करण्याची मुभा कलम ८५ मध्ये आहे, जनावरांसाठीही आहे, पण घरच्या डब्याला कोण बोली लावणार? नाश पंचनामा करून फेकलं, डबा धुऊन ठेवला. रोकड मोजून नोटांचे नंबर लिहिले. हे लिहिताना नवीन पोरं कंटाळतात. त्यांना मी नोटबंदीची गोष्ट सांगायचो. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या तेव्हा देशभरातल्या मुद्देमाल खोल्यांत पडून असलेल्या नोटांचं काय करायचं हा पेच झाला. मे २०१७ मध्ये केंद्रानं नियम काढले आणि अशा जप्त नोटा बदलून मिळण्याची सोय झाली, पण त्यात महत्त्वाची अट नोटांच्या क्रमांकांची नोंद असण्याची होती. ज्या कारकुनानं 'पाचशेच्या वीस नोटा' एवढंच लिहिलं होतं, त्याच्याकडे काय उरलं याचा विचार करा.

मंगळसूत्राला पंचनाम्यात 'पिवळ्या धातूचे' म्हटलं ते बरोबरच. सराफ तपासत नाही तोवर पोलिसांच्या कागदावर सोनं हा शब्द येत नाही, कारण उद्या ते पितळ निघालं तर बदलल्याचा आळ आमच्यावर. पण 'अंदाजे दीड तोळा' हे मात्र चुकीचं. बाजारात आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम, आणि जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर. मग दीड तोळा म्हणजे पंधरा ग्रॅम की साडेसतरा? या अडीच ग्रॅमच्या फटीत कारकुनाची नोकरी जाऊ शकते. मी त्याच आठवड्यात सराफाकडून पंचांसमोर वजन करून घेतलं. मण्यांसकट १७.३५० ग्रॅम भरलं. पाकीट सील केलं, लेबलवर सह्या घेतल्या.

हे फार सोवळं वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा निकाल आठवावा. मुद्देमाल लवकर सोडा, तो साधारण पंधरा दिवस ते महिन्याच्या वर ठाण्यात पडू देऊ नका, गाड्या सडवू नका, पंचनामा आणि फोटो करून बंधपत्रावर द्या, हे सगळं त्या निकालानं सांगितलं. लोकांना गाड्यांचं तेवढं आठवतं. ते प्रकरण उभं कशावरून राहिलं हे कमी जणांना ठाऊक असतं. ठाण्यातल्या मुद्देमालात खोटा माल ठेवला, रोकड खाल्ली, परवानगीविना लिलाव केला, असे आरोप खुद्द पोलिसांवर होते. अर्जदार पोलीसच होते.

डिसेंबरच्या मध्यावर जाहीरनामा निघाला. कलम ८५ म्हणतं, मालमत्तेत काय काय आहे ते नमूद करा आणि हक्क सांगणाऱ्यानं सहा महिन्यांत येऊन तो शाबित करावा असं कळवा. आता इथं खरी कसरत आहे. फार लिहिलं तर लबाड माणूस जाहीरनामा पाठ करून येतो. फार कमी लिहिलं तर खऱ्या मालकाला ओळख पटत नाही. मी 'मंगळसूत्र एक, वाळे एक जोड, काही रोकड, साड्या' इतकंच घातलं. रक्कम दिली नाही. मंगळसूत्राचा मागचा आकडा, म्हणजे अडकवायचा हूक, मोडलेला होता आणि तो काळ्या दोऱ्यानं बांधला होता, ही गोष्ट जाहीरनाम्यातच काय, बोर्डावरच्या प्रतीतही येऊ दिली नाही. ती फक्त सीलबंद पाकिटाबरोबरच्या वर्णनात होती.

त्याचा उपयोग तिसऱ्याच आठवड्यात झाला. एक गृहस्थ मेहुण्याला घेऊन आले. बायकोचं मंगळसूत्र, बहिणीच्या मुलाचे वाळे, सगळं जुळत होतं, कारण सगळं जाहीरनाम्यातलंच होतं. रोकड किती? "मोजली नव्हती." आकडा कसला आहे? "सोन्याचाच की!" लेखी अर्ज आणा म्हटलं, ते परत आले नाहीत. साहेबांनी जाऊ द्या म्हटलं. त्यांच्या जागी मी असतो तर निदान जबाब नोंदवून ठेवला असता.

त्यानंतर कुणी नाही. जाहीरनामा आमच्या बोर्डावर, तहसील कचेरीत आणि आसपासच्या ग्रामपंचायतींत चिकटवला होता, एका स्थानिक साप्ताहिकानं दोन ओळी छापल्या होत्या. जिल्ह्याजिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांना बिनतारी संदेशही गेला. अशा संदेशांचं काय होतं हे मला ठाऊक होतं, कारण दुसऱ्या जिल्ह्यांतून आलेल्या संदेशांचं आमच्याकडे काय होतं ते मी रोज बघत होतो. ठाण्यात सीसीटीएनएस, म्हणजे देशभरातली ठाणी जोडणारी संगणक यंत्रणा, होतं, गुन्हे त्यात चढत. ही पिशवी मात्र हातानं लिहिलेल्या रजिस्टरात होती. मार्चमध्ये रोकड चलनानं सरकारी खात्यात भरली. नियमाला धरून होतं, पण घाई झाली.

जूनमध्ये मुदत संपली. यापुढचं कलम ८७: मुदतीत हक्क शाबित झाला नाही तर मालमत्ता दंडाधिकाऱ्यांच्या हुकमानं लिलावात विकता येते आणि पैसा शासनाच्या स्वाधीन होतो. वर्तमानपत्रांत बेवारस वाहनांच्या लिलावाच्या ज्या नोटिसा दिसतात त्यांतही हेच कलम असतं. तिथली खरी मेहनत लिलावाच्या आधीची. गंजलेल्या सांगाड्यावरचा चेसिस नंबर घासून वाचायचा, परिवहन कार्यालयाकडून मालकाचं नाव काढायचं, त्या पत्त्यावर पत्र पाठवायचं, मग ते 'मालक सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत यायचं. गाडीला निदान नंबर तरी असतो. पिशवीला काय असतं?

लिलावाचा प्रस्ताव करताना मालाची फेरतपासणी करावी लागते. दहा वस्तूंवर एकेक टिक मारत अनुक्रमांक ९ वर आलो. एक जुने एसटी तिकीट. प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढलं तर पांढरा कोरा कागद.

एसटीच्या कंडक्टरकडचं मशीन उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर छापतं. त्यावर आगार असतं, कुठून कुठपर्यंत ते असतं, तारीख आणि वेळ असते. पंचनामा करणाऱ्यानं त्या रात्री ते तिकीट हातात धरलं होतं आणि त्याच्याकडे बघून 'जुने' असं लिहिलं होतं. जुनं ते नव्हतंच. बहुतेक त्याच दिवसाचं होतं. चार शब्द लिहिले असते, अमुकपासून तमुकपर्यंत, तर आठ दिवसांत मालक सापडला असता. आणि त्या रात्रीच्या माणसाला एकट्याला दोष देऊन मी सुटत नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी माझ्याकडे आली तेव्हा मी सोनं तोललं, नोटांचे नंबर लिहिले, आणि तिकीट न वाचता पाकिटात टाकलं. किंमत नसलेल्या वस्तूकडे मी किंमत नसल्यासारखंच बघितलं.

तहसीलदारांकडे जाणारा प्रस्ताव मी पंधरा दिवस अडवून धरला. साहेबांना सांगूनच. मंगळसूत्र पुन्हा सराफाकडे नेलं आणि या वेळी वजन सोडून दुसरं विचारलं, हे कुणाच्या हातचं? वाटीच्या मागे दोन अक्षरांचा बारीक शिक्का होता. हॉलमार्क नव्हे. त्याची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं आली. आजच्या दागिन्यावर एचयूआयडी, म्हणजे सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक, असतो आणि त्यावरून निदान सराफापर्यंत पोचता येतं. त्या वाटीवर नुसती दुकानाची खूण होती. सराफानं भिंगातून बघून सांगितलं की असा शिक्का शेजारच्या जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेतून मोडीत येणाऱ्या जुन्या दागिन्यांवर त्यानं पाहिलाय. नक्की सांगत नाही म्हणाला.

त्या भागातल्या चार पोलीस ठाण्यांना पत्रं लिहिली. संदेश नाही, साधी टपालानं पत्रं, प्रत्येकात एकच प्रश्न: नोव्हेंबर २०१८ च्या तुमच्या गहाळ रजिस्टरला मंगळसूत्र आणि वाळे अशी नोंद आहे का? तीन ठाण्यांकडून काही आलं नाही. चौथ्याचं उत्तर जुलैच्या शेवटी आलं. नोंद होती. मंगळसूत्र दीड तोळा, वाळे, रोख अंदाजे साडेआठ हजार. तारीख आमच्या पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशीची.

म्हणजे आठ महिने दोन्ही कागद आपापल्या जागी अगदी व्यवस्थित होते. बाई ज्या गावाहून एसटीत बसली तिथल्या ठाण्यात तिची तक्रार होती. तिला पक्कं वाटत होतं की पिशवी एसटीतच राहिली. त्या आगारात तिच्या मुलानं तीन चकरा मारल्या होत्या. शेवटच्या चार किलोमीटरच्या रिक्षाचा तिला विचारच आला नव्हता. माणूस जिथं हरवलं असं त्याला वाटतं तिथं शोधतो, आणि आम्ही जिथं सापडलं तिथं जाहीरनामा चिकटवतो. मधे तीन तालुके.

ऑगस्टमध्ये ती मुलाबरोबर आली. साठीच्या आसपासची. मी म्हटलं, "मावशी, मंगळसूत्राची काही खूण सांगता येईल का?"

"खूण कसली, साहेब. आकडा मोडलाय त्याचा. दोरा बांधलाय काळा."

शेजारी बसलेल्या आमच्या नव्या शिपायानं विचारलं, की मंगळसूत्र गळ्यात सोडून पिशवीत कसं? त्याला तेवढी समज नव्हती. बाईनं त्याच्याकडे बघितलं आणि सांगितलं, "आमचे मालक गेले त्याच साली आकडा मोडला. मग कशाला दुरुस्त करायचा? मोडून लेकीला कायतरी करावं म्हणून नेत होते. नातवाचं बारसं होतं."

ओळख पटली, तरी अडचण होती. मुदत जूनमध्ये संपलेली. तहसीलदार कचेरीतल्या कारकुनाचं म्हणणं, आता हे शासनाचं झालं, अर्ज निकाली काढा. तहसीलदारांनी कलम स्वतः वाचलं. ८७ मध्ये मुदत टळल्यावर विक्रीची मुभा आहे, अजून विक्रीचा हुकूम झालेला नाही, वस्तू जागेवर आहे, हक्काबद्दल शंका नाही. त्यांनी ८६ खाली परत देण्याचा हुकूम केला. बंधपत्र घेतलं, कारण उद्या आणखी कुणी हक्कदार निघाला तर त्याचा तिच्याविरुद्ध मागण्याचा अधिकार कायम राहतो. सराफाची फी वजा केली, तीही कलमात बसते. हा अर्थ कुणी कोर्टात तासला असता तर टिकला असता का, यावर वकिलांची दोन मतं पडतील. माझ्या मते टिकायला हवा. सहा महिन्यांची मुदत माल कायम सांभाळत बसायला लागू नये म्हणून आहे, मालकाला चुकवण्यासाठी नाही.

रोकड मात्र लगेच देता आली नाही. सरकारी खात्यात गेलेले पैसे परत काढायला हुकूम, देयक, आक्षेप, पुन्हा देयक असं करत पाच महिने गेले. सोनं एका दिवसात सुटलं आणि पैसे अडकले. तेव्हापासून मी मुदत संपेपर्यंत किरकोळ रोकड भरण्याची घाई केली नाही, आणि त्याबद्दल एकदा लेखी खुलासाही दिला.

आणखी एक बदल केला. पंचनाम्याच्या कोऱ्या नमुन्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं: 'प्रत्येक कागद वाचून मजकूर उतरवा. फोटो काढा.' पुढच्या दोन वर्षांत त्यानं दोन पिशव्या आणि एक पाकीट मालकाकडे गेलं, एकदा औषधाच्या बिलावरून, एकदा गॅसच्या पावतीवरून, एकदा शाळेच्या फी-कार्डावरून. मोबाइलचं आता निराळं आहे. मे २०२३ पासून हरवलेल्या मोबाइलसाठीचं सरकारी सीईआयआर पोर्टल देशभर चालू आहे, मालकानं आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक केला की फोनमध्ये दुसरं सिम पडताच माग लागतो. पिशवीसाठी तसं काही नाही.

माल ताब्यात देताना यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे सही घ्यावी लागते. साड्यांना कुबट वास लागला होता. वाळे काळे पडले होते, आणि नातू एव्हाना उभा राहायला लागला असल्यानं ते त्याला होणार नव्हते. बाईनं चष्मा लावून बघितला आणि ठेवून दिला, दुसरा केला होता. अनुक्रमांक ९ वर तिचं बोट थांबलं.

"हे काय?"

"तिकीट आहे, मावशी."

"कोरं?"

मी हो म्हटलं. तिनं त्याच्यापुढेही सही केली. मुलानं तो कागद उलटसुलट करून पाहिला, चुरगळला आणि माझ्या टेबलाखालच्या टोपलीत टाकला.